कुडपणात वाजेल असं सिमकार्ड

हॅलो?… हॅलो, कोण?

मोठ्यानं बोल जरा, स्टँडवर गाडी लागलीय… कोण, श्रुतिका? अगो बाय माझी! नंबर बघितलाच नाय मी, चष्मा तिकडं झेरॉक्सच्या मशिनवर ऱ्हायलाय.

हो, हो, दुकानातच. मी आनि कुठं असणार? पोलादपूर स्टँड सोडून तुझी मैनाआत्या कुठं गेलीय आजवर? फार तर महाडला, ती पण माल आणायला… हां, जेवले. तू जेवलीस?… बिस्कीट म्हंजे जेवण नाय गो. बोटीवर लोकांना पाच-पाच ताटं वाढणार नि स्वतः बिस्कीट खाणार.

कधीचं विमान?… सोमवारी सकाळी? परवा? अगो, बुधवार बोलली व्हतीस ना?… कंपनीनंच अलीकडं आणलं?… उद्या सकाळीच त्यांच्या हाटेलात हजर व्हायचं, सगळ्या पोरींनी?… बरं. बरं बरं. नाय, रडत नाय. सर्दी हाय.

एक मिनिट हां. काय भागोजी?… दोन्ही बाजू काढायच्या? ठेव तिथं आधार कार्ड. बस जरा, पुतणीचा फोन हाय. परदेशी चाललीय… हो, दादाची पोर. आपल्या भरतची. बोटीवर. मोठी, सात मजल्यांची, हाटेल असतं आत तसली.

हां, बोल गो. सिमकार्डाचं इचारत व्हतीस ना. सांग मला नीट, आदी कुठं जाणार?

स्पेन… मग?… मोरोक्को. ते आफ्रिकेत ना? बघ, म्हायती हाय मला… मग? नुसतं पाणी? किती दिवस?… आठ दिवस जमीन दिसायची नाय? आये गो… मग ब्राझील. मग उन्हाळ्यात परत युरोप, नि शेवटी दुबई. म्हंजे खंड किती झाले? चार! पाचवीत तुझ्याकडून नकाशा भरून घ्यायची मी, ह्याच काउंटरवर, आठवतंय? आफ्रिकेला हिरवा रंग दिलास नि म्हणालीस, आत्या, हा आपल्या कुडपण गावासारखा दिसतो. सगळं हिरवं म्हंजे कुडपण. अन् आता खरंच तिथं उतरणार तू.

नाय गो, कुठं रडतेय.

हां, तर कार्ड. तुझ्या नोकरीचा एजंट कोणतं देतोय?… दीडशे देशात चालतं? अगो, दीडशे देशांचं काय लोणचं घालायचंय? तुला चार बस झाले. त्यात बोलणं किती मिनिटं?… बघ ना, लिवलं असंल… नाय ना लिवलेलं? मग मी काय सांगते. ते ई-सिम म्हंजे नुसतं नेट. फोटो धाडा, व्हॉट्सॅपवर बोला, मजा करा. पण पलीकडच्याकडं पण नेट पायजे. माझ्याकडं हाय. तू ऱ्हातेस त्या सुनीलकाकाकडं हाय. तुझ्या आयशीकडं काय हाय? बटनांचा फोन. तुझ्या बापानं दिलेला. त्यात नेट शोधायला गेलीस तर साप खेळायचा गेम सापडंल फक्त.

अगो ऐक ना… ऐक तर. एजंट शिकलेला असंल, मी दहावी नापास. पण फोनातलं मला शिकवू नको. तुझा जन्म पण नव्हता तवापासून ह्या धंद्यात हाय मी.

दुसरा रस्ता सांगतेस तो काय?… ज्या बंदरात उतरायचं तिथलं कार्ड घ्यायचं. स्पेनला स्पेनचं, ब्राझीलला ब्राझीलचं. स्वस्त पडंल, होय. पण दर वेळी नंबर नवीन. आयशीच्या फोनवर कसला तरी लांबलचक आकडा येणार. ती उचलंल? मीच अख्ख्या वाडीला बजावून ठेवलंय, वळखीचा नंबर नसंल तर हात लावायचा नाय. तिला वाचता कुठं येतं? शेवटचे दोन आकडे वळखते. सुनीलकाकाचे नऊ-नऊ. तुझे सात-चार. तेवढीच तिची शाळा.

म्हणून सांगते, हाच नंबर ठेव. सात-चार. हे कार्ड फोनातनं काढायचंच नाय. बाहेरच्या देशातलं रोमिंग इथूनच चालू करून जा, आज-उद्याच. तिकडं जाऊन करते बोललीस तर ओटीपी ह्याच नंबरावर येणार, नि नंबर तर बंद. मग बस हात चोळत… हो. नि नेटसाठी एजंटचं ई-सिम घे, छोट्यातलं, वाटलं तर. फोन तुझा दोन सिमवाला हाय ना?… नि दुसऱ्या कंपनीचं चालतं ना त्यात, लॉक नाय?… मग झालं. बंदर आलं, रेंज आली, की सात-चारवरनं कुडपणला रिंग द्यायची. थोडं महाग पडंल. पण तिकडं वाजंल गो. चारी खंडांतनं वाजंल.

काय?

काय बोललीस?… उचलतच नाय म्हंजे?

कधीपासून?… महिना?

थांब, थांब. भागोजी, हे घे झेरॉक्स… नाय रे, ऱ्हाऊ दे, मग दे. जा आता. हो, सांगते तिला, भागोजीकाकांनी आशीर्वाद दिलाय. जा.

हां, बोल. नीट सांग. भांडण झालं? कधी?… दिवाळीच्या आदी. व्हिडिओ कॉलवर, शेजारच्या अक्षदाच्या फोनवरनं… मग काय बोलली?… “जायचं तर जा, मला इचारू नको.” एवढंच? अगो, एवढं तर ती मला रोज बोलते… हो, तुला लागलं असंल. समजतं. नि मग अक्षदाकडं पण येत नाय फोन घ्यायला… नि तिच्या फोनवर तू लावतेस तर रिंग जाते, उचलत नाय. म्हणून तुला वाटतं ती रागावलीय.

आनि म्हणून तू गावाला आली नाय?

नाय, मी बोलत नाय तुला. पण यायला पायजे व्हतंस. भात झोडून झालं, खळं मोकळं झालं, तवा तरी एक दिवस… हो, ट्रेनिंग व्हतं. मेडिकल व्हतं. पासपोर्टवाल्यांकडं जायचं व्हतं. म्हायती हाय. पण तू भ्यालीस गो. आयशीसमोर उभं ऱ्हायला भ्यालीस. तुझा बापूस पण असाच. वाघाला भ्यायचा नाय, बायकोला भ्यायचा.

हसलीस! बरं वाटलं.

ऐक, तुझी आयस रागावलेली-बिगावलेली नाय. मला दिसते ना ती. उलट मऊ झालीय हल्ली. वीस वर्सात वयनीनं मला कधी एक पापड आणून दिला नाय, नि आता दर शनवारी खाली उतरते, डबा घेऊन. घावणे, गुळातला नारळाचा रस, भोकराचं लोणचं. खरं सांगते! येते, इथं बाकड्यावर बसते, पान खाते. मी इचारते, काय काम काढलंस? तर बोलते, बाजार. बाजार काय करत नाय, नुसती बसते. संध्याकाळची वरची गाडी यायच्या टायमाला उठते, डबा माझ्यासमोर ठेवते, “खा तू” बोलते, नि चालली… तीन शनवार झाले. दिवाळीनंतरचे सगळे. मी बोलले, वयनीला उशिरा का होईना नणंद आठवली. मिटक्या मारत खाल्लं मी.

मग फोन का नाय उचलत?… अगो, तेच तर सांगते, तुझी आयस फोन उचलायला शिकलीच नाय कधी! उचलायचा फोन नि वाजायचा फोन वेगळा असतो तिच्यालेखी.

तुला कसं सांगू. तू बघितलंयस ना पीसीओ माझा? थोडा थोडा आठवत असंल. ती काचेची खोली, आत प्लॅस्टिकची फुलं, पंखा फिरायचा नाय नि मीटर मात्र पळायचा. रविवारी अर्धा दर. कुडपण, क्षेत्रपाळ, कुठनं कुठनं माणसं उतरायची. बाया चपला बाहेर काढून आत जायच्या, देवळात गेल्यासारख्या! साळूबाई तर सासऱ्याचा आवाज आला की डोक्यावर पदर घ्यायची. फोनावर! तुझे आजोबा, चांगूबाबा, ते तर बोलायचेच नाय. भरतदादा मुंबईतनं बोलतोय, नि हे आपले रिसीव्हर कानाला लावून मान हलवतायत. मी काचेवर ठकठक करून ओरडायची, “बाबा, हो बोला, हो! मान त्याला दिसत नाय!” तर बाहेर येऊन मला बोलले, “दिसत कशी नाय? बापूस हाय मी त्याचा.”

मुंबईत तरी फोन कुणाकडं व्हते? पी.पी. नंबर असायचे. खाली वाण्याच्या दुकानात लावायचा, “भरतला बोलवा, तिसरा मजला.” तो वाणी वर पोरगं धाडणार, दादा धावत खाली येणार, मीटर इकडं पळतोय, नि ह्या टोकाला सगळी माणसं काचेत तोंड घालून गप्प. चालत येण्याचा आवाज ऐकायचो आम्ही. त्याच्या सपाता वाजायच्या जिन्यावर. मी अजून वळखेन त्या सपाता.

…हो, आठवतो मला पण. रोज आठवतो. त्याला जाऊन सहा वर्सं झाली, तरी गाडी लागली की बघते, मागच्या दारानं उतरतोय का.

असो. मग मोबाईल आले. पयला मोबाईल कुडपणात कुणी नेला? तुझ्या बापानं. माझ्याकडनंच घेतलेला, ह्याच काउंटरवरनं. हाच, आयशीकडं हाय तो. दोन फोन घेतले, एक सवताला, एक तिला. पण घरात रेंज कुठं? फणसाच्या झाडाला बारीकसा दांडा यायचा, वारा आला की जायचा. मग तुझ्या आयशीनं काय केलं, पत्र्याच्या डब्यात फोन ठेवून डबा फणसाला टांगला. हसू नको, पावसात वरनं पिशवी घालायची! डब्यात फोन वाजला की अख्ख्या वाडीत घुमायचा. पण ती पोचेपर्यंत बंद व्हायचा. अन् पोचली तरी उचलायची नाय, कारण उचलला की दादाचे पैशे जाणार. तेव्हा मिनिटाला केवढे पडायचे! आम्ही सगळेच मिस कॉलवर जगलो गो. लग्नं जमली मिस कॉलवर.

दादानं मग बायकोला पाढाच घालून दिला. मला त्यानंच सांगितलं, हसत हसत, इथं उभा ऱ्हाऊन. एक रिंग देऊन बंद झाला, तर मी मुंबईला सुखरूप पोचलो. दोन दिल्या, तर मनीऑर्डर केलीय. तीन दिल्या, तर ह्या शनवारी येतो, खाली स्टँडवर ये. मग ती डबा घेऊन उतरायची. दादा गाडीतनं उतरला की पयलं इथं बाकड्यावर बसून दोघं जेवायची, मग वर जायची. घरात माणसं सतरा, दोघांना बोलायला मिळायचं कुठं? तेवढा वेळ मी आपली मुद्दाम आत मशिनशी खुडबुड करत बसायची.

तू? तुला कसं म्हायती असंल? तू माझ्याकडं ऱ्हाऊन शाळेत ना, शनवारी संध्याकाळी मैदानावर हुंदडत असायचीस. नि पोरांना कोण सांगतं असलं? नवरा-बायकोची गोष्ट ती.

…काय झालं?

श्रुतिका?… हॅलो? 

बोल ना मग. काय, रिंगा? कसल्या रिंगा?

…तू किती रिंग द्यायचीस?

नीट आठवून सांग. फोन लावलास, वाजला, उचलला नाय. मग तू किती वेळ थांबायचीस?

…लगेच बंद करायचीस. समजलं. पण किती?

दोन-तीन म्हंजे? दोन का तीन?

तीन.

दर वेळी?… मनात मोजायचीस. तीन वाजल्यावर उचलणार नाय म्हंजे रागावलीय, असं ठरवून बंद करायचीस… आनि कधी लावायचीस?… गुरवारी. ट्रेनिंगला सुट्टी असायची गुरवारी.

अगो बाय.

अगो बाय, काय केलंस हे.

नाय, तुझी चूक नाय. नाय, रडू नको, ऐक. ऐक माझं. तीन रिंगा आल्या तिला. सात-चारवरनं. दादानं दिलेल्या फोनात. दर गुरवारी. तिला वाटलं तू… तिला वाटलं बापानं पोरीला सांगून ठेवलं असंल. पोरीला ठाऊक हाय. पोर येतेय. म्हणून ती शनवारी…

अन् ते घावणे मी खाल्ले! तीन शनवार! तुझ्यासाठी केलेले नि मी मेली बोटं चाटत… एक शब्द बोलली नाय गो मला. “खा तू.” मला काय ठाऊक? मी तिला वर बोलले पण, गेल्या शनवारी, “वयनी, पुढल्या वेळेला गूळ जरा जास्ती घाल.” जीभ झडली नाय माझी.

परवा पण लावलास? ह्या गुरवारी?… तीनच?

श्रुतिका. आज शनवार हाय.

थांब, मला बघू दे. थांब, चष्मा… तो टेंपो आडवा लागलाय मेल्याचा… हां. हाय. बसलीय. आज बाकड्यावर आली नाय माझ्याकडं, तिकडं शेडमध्ये बसलीय, पयल्या खांबाला टेकून. मुंबईच्या गाड्या लागतात तिथं. नवं लुगडं नेसलीय. हिरवं, तू मुंबईतल्या पयल्या पगाराचं घेतलेलं ना, तेच. डबा मांडीवर. आत्ता महाडकडनं एक गाडी आली, ती उठून उभी ऱ्हायली. एकेक माणूस उतरताना बघतेय… सगळी उतरली. परत बसली.

नाय, मी नाय सांगणार तुला कशी दिसते. 

येशील का? आत्ता निघ ना. आता एक वाजलाय, रातपातूर पोचशील… चार वाजता एजंटच्या हापिसात सही? नाय केली तर?… जागा दुसरीला जाईल. नि उद्या सकाळी हाटेलात. म्हंजे आलीस तरी आल्या पावली… नाय जमत. नाय, बरोबर हाय. दोन वर्सं घासलीयस तू ह्या नोकरीसाठी. मी बोलणार नाय की टाक. आयस पण बोलणार नाय.

पण तिला काय सांगू मी? आज चौथ्यांदा डबा माझ्यासमोर ठेवून जायला सांगू?

थांब. फोन ठेवू नको. मी बोलवते तिला.

वयनी! ओ वयनी! इकडं ये… अगो ये ना, गाडीला टाइम हाय अजून! ये!

येतेय… चालते हळू, गुडघा दुखतो तिचा… तू रडणं आवर, तुझा आवाज ऐकंल ती. नाक पूस.

वयनी, बस. बस आदी. हे बघ, फोनवर श्रुतिका हाय… हो, आपली. ऐक, ती येत नाय आज. तिनं तीन रिंगा दिल्या त्या… तिला दादाचं गणित ठाऊक नव्हतं. पोर भीत भीत लावायची, तू उचलत नाय म्हणून बंद करायची. तीन झाल्या की. चुकून… नाय, गेल्या शनवारी पण येणार नव्हती. त्याच्या आदी पण नाय… परवा सकाळी विमान हाय तिचं.

घे, बोल तिच्याशी. घे फोन. अगो, तुझे पैशे जात नाय, माझ्या फोनावर आलाय… वयनी, धर ना!

…श्रुतिका, ती घेत नाय गो. मान हलवते… नाय, रागावून नाय. डोळ्याला पदर लावलाय. बोलते, “फोनात मला बोलता येत नाय. फोनात मी फक्त मोजते.”

काय गो वयनी?… कुठनं सुटतं म्हंजे? विमान? मुंबईतनं… नाय, आज ती भांडुपलाच, सुनीलकडं. उद्या सकाळी हाटेलात जाणार… का?

वयनी? कुठं चाललीस? अगो, ती कुडपणची गाडी नाय, ती ठाण्याची! ओ वयनी!

श्रुतिका, ती गाडीत चढतेय.

अगो, ठाणे गाडीत! थांब, मी बाहेर येते… पायात चप्पल पण नाय माझ्या… ओ कंडक्टर! थांबा, थांबा, बेल मारू नका! दोन मिनिटं! … वयनी, खरंच जातेस? एकटी? दादा गेल्यापासून पोलादपूरच्या पुढं गेली नायस तू! … बरं. बरं, जा. होय, माझं ऐकणार थोडीच. खिडकीत बस, उलटी होते तुला… कंडक्टर, ह्यांना ठाण्याला उतरवा हां, खोपटला. वाचता येत नाय त्यांना. हाताला धरून उतरवा. पोर येणार हाय न्यायला.

येशील ना गो? श्रुतिका, ऐकतेस ना? खोपट स्टँड. आयस इचारते, पोर येईल ना?… वयनी, येते बोलली! चार वाजता सही करून तशीच येते… आनि काय?… श्रुतिका, आयस इचारते, बोटीवर थंडी असते का? गोधडी आणायची ऱ्हायली बोलते… वयनी, गोधडी असते गो तिथं, कंपनी देते!… जा. सांभाळून जा.

सुटली.

सुटली गाडी. वळली पण हायवेला… हात नाय केला तिनं. दोन्ही हातांनी डबा धरलाय ना.

रडू दे मला जरा. तू पण रड. कार्ड-बिर्ड गेलं खड्ड्यात… हां. हां, बरं वाटलं. अगो, सहा वर्सांत हिनं पोलादपूरची गटारं ओलांडली नाय, नि आज अशी चढली, जशी रोजची हाय. मी उगाच तिला भोळी समजत आले.

चल, दुकानात येते परत. कुणी गिऱ्हाईक… नाय, कुणी नाय. पाय भाजले माझे… हां, बोल. साडेसहा-सातपर्यंत पोचंल गाडी. माणगावला अडकतात हल्ली, रस्त्याचं काम… फोन करत ऱ्हाशील? हो, कर तिला. आता उचलंल. दहा वेळा वाजव, उचलंल, मी सांगितलं ना आता… नाय सांगितलं काय? असू दे, गाडीत वाजला की उचलंलच…

थांब.

अगो देवा.

श्रुतिका, तिचा फोन इथं हाय. माझ्या काउंटरवर. सकाळी उतरल्यावर चार्जिंगला लावून गेली असंल, मी आत मशिनशी व्हते, बघितलंच नाय. इथं पिनेला लटकतोय. शंभर टक्के भरलाय.

नाय, गाडी गेली. नाय गो, डायवरचा नंबर कुणाकडं असतो? … अगो, गाडीचा नंबर कुठं बघितला मी, चष्मा डोक्यावर व्हता! लाल गाडी. एवढंच.

ऐक. घाबरू नको. ऐक माझं. तू चार वाजता जा, सही कर. कुणाशी बोलत बसू नको, फोटो काढत बसू नको. साडेपाचला खोपटला उभी ऱ्हा. महाड-पोलादपूरकडनं येणारी प्रत्येक गाडी बघ. लवकर आली तर आली, उशीर झाला तर आठ वाजतील, नऊ वाजतील. हलायचं नाय. च्या प्यायला पण जायचं नाय. गाडी लागली की दारात जा, एकेक माणूस उतरू दे, शेवटचं उतरेपर्यंत बघ. नाय दिसली तर पुढच्या गाडीला. ती डबा घेऊन उतरंल नि उजव्या-डाव्या बाजूला बघत उभी ऱ्हाईल. तुला शोधणार नाय ती गर्दीत, तिला येत नाय ते. ती नुसती उभी ऱ्हाईल, तू येईपर्यंत.

हो. हो, म्हायती हाय तू येशील.

आत्ता निघ. चल, निघ बाय. ठेवते मी.